कांग यात्से-२ ची मोहीम आखताना: रात्री, दोर आणि परतीची वेळ

मे-जून आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतो: "नऊ दिवसांची रजा मंजूर झालीये, कांग यात्से होईल ना?" विचारणारे धडधाकट असतात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेले, दर रविवारी सिंहगडावर जाणारे. तरीही त्यांतले बरेच जण बेस कॅम्पवरून, काही तर त्याच्याही आधी, बेस कॅम्पच्या अलीकडच्या निमालिंगच्या मुक्कामावरून डोकं धरून परत फिरतात. पाय दमलेले नसतात. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला जेवढ्या रात्री लागतात, तेवढ्या त्याला दिलेल्याच नसतात.

कांग यात्से-२ हे लडाखमधल्या मारखा खोऱ्याच्या वरच्या टोकाचं साधारण ६२५० मीटरचं शिखर. गाईडबरोबर, क्रॅम्पॉन (बर्फावर पकड यावी म्हणून बुटाखाली लावायचे धातूचे दात) आणि दोर वापरून, आधी गिर्यारोहणाचा कोर्स न केलेला पण नीट तयारी केलेला माणूस ते चढू शकतो. शेजारचं कांग यात्से-१ यापेक्षा उंच आणि खूपच अवघड आहे. इथे त्याचा विचार केलेला नाही. हंगाम साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

टप्पा १: आधी रात्री मोजा, मग रजा मागा

३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा उंचीचा सर्वमान्य नियम. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब झोपायच्या जागेचा. मुंबई-पुण्याहून विमानाने लेहला उतरलात की पहिल्याच दिवशी तुम्ही हा नियम मोडलेला असतो, कारण लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. पुढे त्याची भरपाई करावी लागते.

मी सुचवतो तो आराखडा असा. उंची ढोबळ आहे, तुमचा तंबू नेमका कुठे लागतो त्यावर थोडा फरक पडेल.

दिवस १ ते ३: लेह, ३५०० मीटर. तीनही रात्री इथेच.
दिवस ४: गाडीने चिलिंगमार्गे स्कियू, ३४०० मीटर. लेहपेक्षा किंचित खाली, आणि हे फार चांगलं.
दिवस ५: मारखा गाव, ३८०० मीटर. चाल लांब वाटली तर मध्ये सारा गावात मुक्काम करून एक दिवस वाढवा.
दिवस ६: हांकर, ४००० मीटर. खोऱ्यातलं शेवटचं गाव.
दिवस ७: थाचुंगत्से, ४२५० मीटर.
दिवस ८: निमालिंग, ४७०० मीटर.
दिवस ९: बेस कॅम्प, ५०५० मीटर.
दिवस १०: बेस कॅम्पवर विश्रांती आणि सराव.
दिवस ११: शिखर.
दिवस १२: राखीव.
दिवस १३: कोंगमारू ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून खाली, गाडीने लेह.
दिवस १४: परतीचं विमान.

चौदा दिवस मिळत नसतील तर या वर्षी नुसता मारखा खोऱ्याचा ट्रेक करा आणि शिखर पुढच्या वर्षी घ्या. हे मी अगदी मनापासून सांगतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे छोट्या वाटेचं पॅकेज. त्यात शांग सुमदो-चोकदोच्या बाजूने चढून, सुमारे ५२०० मीटरचा कोंगमारू ला ओलांडून दोन-तीन दिवसांत थेट निमालिंगला उतरवतात. कागदावर तीन-चार दिवस वाचतात. पण मधल्या कमी उंचीच्या ज्या रात्रींमध्ये शरीर तयार होतं, त्याच गळतात. कोंगमारू ला उतरायला ठेवा.

दुसरी चूक: "रस्त्याने गेलो की सवय आपोआप होते." श्रीनगर-कारगिल मार्गाने हे बऱ्यापैकी खरं आहे, कारण कारगिलची रात्र २७०० मीटरच्या आसपास होते. मनाली मार्गाचं तसं नाही. साधारण २००० मीटरवरच्या मनालीहून निघून दुसऱ्याच रात्री ४३०० मीटरच्या सरचूला झोपलात तर लेहला पोचेपर्यंत डोकं भणभणत असतं. मनालीमार्गेच जायचं असेल तर केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री थांबा आणि सरचूचा मुक्काम टाळा.

*तपासा:* आयोजकाच्या वेळापत्रकातल्या प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहून काढा. निमालिंगच्या आधी ३४०० ते ४३०० मीटरच्या दरम्यान, लेहमधल्या धरून, किमान सहा रात्री दिसल्या पाहिजेत. राखीव दिवस वेगळा लिहिलेला हवा. "गरज पडली तर बघू" याला राखीव दिवस म्हणत नाहीत.

टप्पा २: आयोजकाला हे प्रश्न लेखी विचारा

किंमत सगळ्यात शेवटी विचारा. आधी हे:

शिखराच्या रात्री किती जणांमागे एक गाईड? मी तिघांमागे एकाच्या पुढे जात नाही. कारण सोपं आहे. एकाला त्रास झाला तर एक गाईड त्याच्याबरोबर खाली जाणार. मग उरलेल्यांचा दोर कोण सांभाळणार? आठ जणांमागे दोन गाईड असतील तर एक माणूस आजारी पडताच सगळ्यांची मोहीम तरी संपते, नाहीतर कुणीतरी धोका पत्करतं.

गाईडचं प्रशिक्षण कोणतं? उत्तरकाशीचं नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची संस्था अशा ठिकाणचा बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स झाला आहे का? आणि हेच शिखर त्याने याआधी किती वेळा केलं आहे? "आमच्या टीममध्ये प्रशिक्षित लोक आहेत" हे उत्तर पुरेसं नाही. तुमच्या तुकडीबरोबर नेमकं कोण येणार ते विचारा.

शिखरासाठी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची, म्हणजे आयएमएफची, परवानगी लागते. सगळी वाट हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जाते, त्याचं प्रवेशशुल्क वेगळं. दोन्ही पॅकेजमध्ये धरलेलं आहे का आणि परवान्यावर तुमचं नाव आहे का, हे निघण्याआधी डोळ्यांनी बघा.

बेस कॅम्पवर ऑक्सिजन सिलिंडर, वॉकीटॉकी आणि आजारी माणसाला उतरवायला घोडा रात्रभर हजर असतो का, तेही विचारा. बऱ्याचदा घोडेवाले सामान टाकून चरायला निमालिंगला उतरतात आणि रात्री दोन वाजता हाकेला कुणी नसतं.

*इशारा:* "शिखर गॅरंटी" किंवा "१०० टक्के यश" लिहिणाऱ्याकडे जाऊ नका. परत फिरायची वेळ येईल तेव्हा तो गाईड कुणाचं ऐकेल, याचं उत्तर त्या जाहिरातीतच आहे.

टप्पा ३: चार महिन्यांची तयारी, सह्याद्रीतच

बेस कॅम्प ते शिखर हा जवळजवळ १२०० मीटरचा चढ एका रात्रीत करायचा असतो, आणि मग तेवढंच उतरायचं. एकूण दहा ते बारा तास. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं, त्यामुळे उंचीची सवय इथे होणार नाही. पण दमसास आणि मांड्या इथेच तयार होतात.

आठवड्यातून तीन-चार दिवस ५० मिनिटं ते तासभर अशा वेगाने पळा किंवा भरभर चाला की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. बहुतेक जण इथे चुकतात: रोज जीव तोडून पळतात, पाय दुखावतात आणि जुलै उजाडेपर्यंत थकलेले असतात. आठवड्यातून एक लांब चढ करा. पहिल्या महिन्यात आतकरवाडीतून सिंहगड एकदा, दुसऱ्यात पाठीवर आठ किलो घेऊन, तिसऱ्यात त्याच सकाळी दोनदा. मुंबईकरांना डोंगर लांब पडत असेल तर इमारतीचे जिने आहेतच, पण उतरतानाही जिनाच वापरा, लिफ्ट नको. शिखरावरून येताना पाय सोडतात ते उतरणीला.

एकदा तरी लागोपाठ दोन दिवस मोठे ट्रेक करा. आणि एकदा रात्रभर चाला. पुण्याच्या आसपास असाल तर कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक यासाठी उत्तम. हेडटॉर्चच्या गोल उजेडात पाऊल टाकणं, झोपेच्या वेळी काहीतरी खाणं, एकामागोमाग एक चढ-उतार सोसणं, सगळा सराव एका रात्रीत होतो.

*तपासा:* निघायच्या तीन आठवडे आधी दहा किलो घेऊन हजार मीटरचा चढ साडेतीन तासांच्या आत होतो का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना नीट उतरता येतो का? शेवटच्या दहा दिवसांत मेहनत निम्मी करा.

टप्पा ४: डॉक्टर, डायमॉक्स आणि विमा

चाळिशीच्या पुढे असाल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आयोजकाच्या फॉर्मवर सही मिळवण्यापुरतं डॉक्टरांकडे जाऊ नका. कुठे, किती उंचीवर चाललोय ते सांगून तपासणी करून घ्या.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरी एक-दोन दिवस घेऊन बघा: बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. हे आधी माहीत असलं की लेहमध्ये मुंग्या आल्यावर घाबरायला होत नाही. मात्र या गोळीने आराखड्यातल्या रात्री कमी करता येत नाहीत. झोपेच्या गोळ्या आणि दारू पूर्ण बंद.

विमा घेताना कलमं वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत दोर आणि आईस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) वापरून केलेली चढाई किंवा ठरावीक उंचीच्या वरचा अपघात वगळलेला असतो. कंपनीकडून "६२५० मीटरपर्यंत, गिर्यारोहणासह" असं ईमेलवर लिहून घ्या.

टप्पा ५: सामान, आणि मुख्य म्हणजे बूट

यादी आयोजक देईलच. मी फक्त तेवढंच लिहितो, जिथे गफलत होते.

बूट दोन लागतात. खोऱ्यात चालायला घोट्यापर्यंतचे ट्रेकिंग बूट, जे तुम्ही दोन महिने वापरून पायाला बसवलेले असतील. शिखरासाठी जाड, उबदार गिर्यारोहण बूट, जे बहुतेक जण भाड्याने घेतात. तो बूट आणि क्रॅम्पॉन यांची जोडी लेहमध्येच जमवून बघायची. माझ्या एका मोहिमेत हे बेस कॅम्पवर ठेवलं होतं. रात्री साडेबाराला, हातमोजे काढून, एका सोबत्याच्या क्रॅम्पॉनची मागची खटकी बुटाच्या टाचेवर बसवायचा प्रयत्न मी आणि गाईडने वीस मिनिटं केला. टाचेवर लागणारी खाच त्या बुटाला नव्हतीच. शेवटी दुसऱ्या गाईडचा पट्ट्याचा क्रॅम्पॉन काढून दिला, तोवर माझ्या तीन बोटांची संवेदना गेली होती, ती परत यायला पहाट झाली.

म्हणून लेहमध्ये असं करा: ज्या जाड मोज्यांनी चढणार तेच घालून बूट चढवा. पायरीच्या कडेवर पुढचा पाय टेकून उभे राहा. बोटं पुढे आपटता कामा नयेत. क्रॅम्पॉन लावा, पाय उचलून जोरात झटका. हलला तर बदला. हातमोजे घालून तो काढता-लावता येतो का, तेही तिथेच बघा.

गॉगल बर्फासाठीचा, बाजूने झाकलेला. साध्या गॉगलने डोळे सुजून दिसेनासं होतं. दोन हातमोजे: पातळ आणि त्यावर जाड. हेडटॉर्चला नवे सेल, शिवाय राखीव संच खिशात.

विमानासाठी: आईस ॲक्स, क्रॅम्पॉन, काठ्या मोठ्या बॅगेत, पॉवर बँक आणि सुटे सेल हातातल्या बॅगेत, गॅसची डबी कशातच नाही.

*इशारा:* बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. मारखा खोऱ्यात बहुतेक ठिकाणी तेही चालणार नाही, घरी तसं सांगून निघा. अमेरिका-युरोपातून येणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं: परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण भारतात जवळ बाळगता येत नाही. विमानतळावर त्यावरून लोकांना अटक झालेली आहे.

टप्पा ६: लेहमधले तीन दिवस

पहिला दिवस: खोलीत. खरंच खोलीत. दुपारी झोपू नका, बसून राहा, पाणी प्या, हलकं जेवा. उतरल्या-उतरल्या बरं वाटतं, म्हणून लोक बाजारात फिरतात आणि त्रास सहा-सात तासांनी सुरू होतो. दुसरा दिवस: सपाट रस्त्याने तासभर. तिसरा: शांती स्तूपाच्या पायऱ्या, अगदी सावकाश, आणि भाड्याचं सामान. खारदुंग ला बघून येऊ, हा मोह या तीन दिवसांत आवरा.

टप्पा ७: खोऱ्यातली चाल

इथे सांगण्यासारखं थोडंच. सकाळी लवकर निघा. मारखा नदी काही ठिकाणी पायांनी ओलांडावी लागते आणि वरचा बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं. सकाळी नडगीपर्यंत असलेलं पाणी चारला मांडीला लागतं. ओलांडताना सँडल घाला, सॅकचा कमरपट्टा मोकळा ठेवा, एकमेकांचे हात धरा.

रोज संध्याकाळी स्वतःला विचारा: डोकं दुखतंय का, मळमळ आहे का, जेवण जातंय का, नेहमीपेक्षा जास्त थकवा आहे का? डोकेदुखी आणि त्याबरोबर आणखी एक काहीही असेल तर तो उंचीचा त्रास, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. त्या दिवशीच्या उंचीवर थांबा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला आला म्हणून लक्षणं खोटी ठरत नाहीत. आणि त्रास लपवू नका, गाईडला सांगा. लपवणाऱ्याला रात्री उतरवावं लागतं, सांगणारा बहुतेकदा एक दिवस थांबून वर जातो.

*इशारा:* सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल तर ताबडतोब खाली. सकाळची वाट बघायची नाही. मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी होण्याची ही लक्षणं आहेत आणि उतरणं हाच पहिला उपाय.

टप्पा ८: बेस कॅम्पवरचा सरावाचा दिवस

हा दिवस झोपून काढू नका. सकाळी दोन-तीन तास गाईडबरोबर जवळच्या बर्फावर जा आणि चार गोष्टी पक्क्या करा.

क्रॅम्पॉन घालून चालणं: पाय नेहमीपेक्षा फाकवून, सगळे दात एकदम बर्फात बसतील असं पाऊल आपटून. पाय जवळ आले की एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बूट आणि नडगीवरच्या आवरणात) अडकतात आणि माणूस तोंडघशी पडतो.

घसरल्यावर आईस ॲक्सने थांबणं: पोटावर वळायचं, ॲक्सचं टोक छातीखाली बर्फात रुतवायचं, पाय गुडघ्यात दुमडून वर, नाहीतर क्रॅम्पॉन अडकून कोलांटी बसते. उताणे, डोकं खाली, अशा प्रत्येक अवस्थेतून किमान पाच-पाच वेळा करा.

दोरावर चालणं: दोर बर्फावर लोळायला नको, ताठ ओढलेलाही नको. हातात वेटोळी धरायची नाहीत. दोरावर क्रॅम्पॉन पडता कामा नये.

हार्नेसचा (दोर बांधायच्या कमरपट्ट्याचा) पट्टा बकलमधून परत मागे ओवला आहे का आणि कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) कुलूप बंद आहे का, हे दोघांनी एकमेकांचं बघायचं. स्वतःचं स्वतः बघणं पुरेसं नाही.

दुपारी सॅक भरा, चारला जेवा, सहाला आडवे व्हा. झोप लागली नाही तरी चालतं.

टप्पा ९: शिखराची रात्र

निघायची वेळ साधारण रात्री अकरा ते एक. निघण्याआधी परत फिरायची वेळ गाईडबरोबर ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा. मी सकाळी नऊ धरतो. नऊला शिखर दहा मिनिटांवर असलं तरी परत. उन्हाने बर्फ मऊ पडतो, पाय मांडीपर्यंत जातो, क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गोळे चिकटतात, आणि उतरताना तुम्ही थकलेले असता. तिथे जे ठरवायचं ते रात्री, शुद्ध डोक्याने ठरवलेलं बरं, कारण ५५०० मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो आणि तुम्ही त्याच्याही खूप वर असता.

पहिले दोन-तीन तास दगडगोट्यांतून. इथे घाम आला तर तुम्ही जास्त कपडे घातलेत किंवा जास्त जोरात चाललात. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. मग बर्फाची कड लागते, तिथे जॅकेट, क्रॅम्पॉन, दोर. पुढचा उतार उभा होत जातो. चालायची रीत: पाऊल पुढे टाका, मागचा गुडघा सरळ करून सगळं वजन हाडांवर घ्या, एक पूर्ण श्वास, मग पुढचं पाऊल. लय मोडू नका. दहा पावलं भरभर आणि मग दोन मिनिटं वाकून धापा, असं करणारे पहाटेपर्यंत संपलेले असतात.

पाणी नळीच्या पिशवीत नेऊ नका. नळी तासाभरात गोठते. रुंद तोंडाच्या बाटलीत गरम पाणी भरा, तिला लोकरी मोजा घाला आणि सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ पाण्याच्या वरच्या थरात आधी धरतो. बाटली उलटी असली की तो बुडाशी राहतो आणि झाकण उघडतं. खाणंही असंच: गुळाची चिक्की आणि चॉकलेट बार दगड होतात. बिया काढलेला खजूर, मऊ डिंकाचा किंवा शेंगदाण्याचा लाडू, आतल्या खिशात. भूक नसली तरी दर तासाला एक घास.

*तपासा:* दर थांब्याला बुटात बोटं हलवून बघा. दुखत असतील तर ठीक. दुखायची थांबली आणि ऊब आलेली नसेल तर लगेच गाईडला सांगा.

शिखरावर पंधरा मिनिटं पुरे.

टप्पा १०: उतरताना

दोर सोडायचा नाही, सपाटी दिसली म्हणून तर मुळीच नाही. सगळ्यात कमकुवत माणूस उतरताना दोरावर पुढे, गाईड मागे वर. तोंड दरीकडे, गुडघे किंचित वाकवलेले, टाच रुतवत. फार उभा भाग आला तर बर्फाकडे तोंड करून. दगडगोट्यांत उतरल्यावर क्रॅम्पॉन काढा, आणि काठ्या बाहेर काढा. मुरगळलेले बहुतेक घोटे मी या शेवटच्या तासाभरात पाहिलेत.

त्याच दिवशी निमालिंगला उतरता आलं तर उतरा, झोप चांगली लागते. राखीव दिवस वापरावा लागला नसेल तर तो निमालिंगला काढा, कारण कोंगमारू लाची चढण छोटी असली तरी त्यापलीकडची घळ लांब आहे आणि ओढा पुन्हापुन्हा ओलांडावा लागतो. खिंड सकाळी लवकर ओलांडा. लेहच्या विमानाचं तिकीट चोकदोहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीचं हवं, त्याच दिवशीचं नको. घळीतला रस्ता एका पावसात वाहून जातो आणि तेव्हा खालपर्यंत चालतच यावं लागतं.